पार्श्वभूमी : चार्ट नाशिकपर्यंत कसा पोचला

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या शेअर बाजाराच्या क्लासला नवीन पोरगा जातो, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच त्याच्या मोबाइलवर आरएसआय, एमएसीडी आणि दोन-तीन मूव्हिंग अ‍ॅव्हरेज हे भावावरून गणिताने काढलेले इंडिकेटर चढलेले असतात. त्या गर्दीत भाव कुठेतरी दबलेला. इतिहासात क्रम नेमका उलटा आहे. आधी भाव आला, मग त्याची नोंद, आणि इंडिकेटर अगदी शेवटी.

नोंदीची ही कला शेअरवर नव्हे, तांदळावर वाढली. जपानमधल्या ओसाकाच्या दोजिमा बाजारात तांदळाच्या पावत्यांचे सौदे होत. १७३० मध्ये शोगुनच्या लष्करी सरकारने त्या बाजाराला रीतसर मान्यता दिली. साकाताचा व्यापारी मुनेहिसा होम्मा त्याच शतकातला. कँडलस्टिकचं, म्हणजे दिवसाचे भाव दाखवणाऱ्या मेणबत्तीसारख्या आकृतीचं, सगळं श्रेय त्याच्या खात्यावर टाकायची पद्धत आहे, पण आज दिसते ती कँडल त्याच्या नंतरची, बहुधा मेइजी काळातली (१८६८ ते १९१२) असावी, असं अभ्यासक मानतात. लासलगावला कांदा नेणाऱ्याला यात फार नवल वाटू नये. बाजार समितीच्या रोजच्या पत्रकात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतातच. कँडलमध्ये कमाल-किमान तेच, फक्त सर्वसाधारण दराऐवजी बाजार उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव येतो, आणि आवकेच्या जागी खाली व्हॉल्यूमचे, म्हणजे किती शेअरचे सौदे झाले त्याचे, खांब.

अमेरिकेत चार्ल्स डाऊने वेगळ्या अडचणीतून वाट काढली. तेव्हा कंपन्या आपला हिशेब लोकांपुढे धड मांडतच नसत. मग बाजाराचा कल ओळखायचा कशावरून? डाऊने निवडक शेअरच्या भावांची सरासरी काढली. २६ मे १८९६ ला त्याची औद्योगिक सरासरी प्रसिद्ध झाली, त्यात फक्त १२ शेअर होते. कारखान्यांची आणि रेल्वेची, अशा दोन्ही सरासऱ्या एकाच दिशेला गेल्या तरच कल खरा, हे त्याच्या विचारातलं मुख्य सूत्र. माल बनला तर तो वाहूनही न्यावा लागणार, इतकं साधं. ‘डाऊ थिअरी’ हे नाव मात्र त्याने दिलेलं नाही, ते इतरांनी दिलं.

आरएसआय, म्हणजे भाव किती जोराने चढतो-उतरतो ते मोजणारा इंडिकेटर, तर आणखी ८२ वर्षांनी, १९७८ मध्ये आला. त्याचा कर्ता वेल्स वाइल्डर हा मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर (नाशिकच्या अंबड-सातपूर कारखान्यांतल्यांनी खूश व्हायला हरकत नाही). त्याने १४ दिवसांचा हिशेब मांडला तो मुख्यतः कमोडिटी वायद्यांसाठी (मालाच्या पुढच्या तारखेच्या सौद्यांसाठी), रोजच्या बंद भावावर. तोच १४ चा आकडा आज पोरं पाच मिनिटांच्या चार्टवर, ऑप्शनसाठी (ठरल्या भावाने खरेदी-विक्रीच्या हक्काच्या सौद्यांसाठी), काहीही न विचारता वापरतात.

नाशिकला हे सगळं उशिरा आलं, कारण भावच वेळेवर येत नसे. दलाल स्ट्रीटवर १९९५ पर्यंत रिंगमध्ये (सौद्यांच्या दालनात) ओरडून सौदे चालत. सब-ब्रोकर फोनवर ऑर्डर लावायचा, सौदा कितीला पडला ते मागाहून कळायचं. चार्ट काढणारे हाताने काढत. पेपरातला आदल्या दिवसाचा भाव घ्यायचा, ग्राफ पेपरवर कमाल ते किमान एक उभी रेघ, उघडलेल्या भावाला डावीकडे बारीक आडवी खूण, बंद भावाला उजवीकडे. एका शेअरला दिवसाला एकच रेघ, त्यामुळे मोजक्याच कंपन्या हाताला झेपत. माझ्या मते शिकण्याची ती सर्वांत चांगली रीत होती: रेघ ओढताना प्रत्येक भाव नजरेखालून जायचा.

१९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाद्वारे व्यवहार सुरू केले आणि मुंबईबाहेरच्या टर्मिनलवरही तोच भाव त्याच क्षणी दिसू लागला. १९९६ मध्ये डिमॅट (कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात शेअर ठेवणं) आलं, २००० मध्ये इंटरनेटवरून व्यवहारांना परवानगी मिळाली. मग स्वस्त डेटा, आणि कोविडच्या टाळेबंदीत उघडलेली डिमॅट खाती. क्लासचं पीक त्यानंतरचं.

त्या पिकाचा हिशेब शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडला: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्यूचर-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींहून अधिक. लगेच जानेवारी २०२५ मध्ये सेबीने शिकवणी आणि टिप यांतली रेघही आखली. निव्वळ शिकवत असाल, तर शेअरचं नाव घेऊन त्याचा गेल्या तीन महिन्यांतला भाव दाखवायचा नाही, असं तेव्हा ठरलं.