काडतुसाची ऊर्जा आणि शिकाऱ्याचा नेम (हरणांची शिकार)

हरीण तडफडत न राहता लवकर मरावे, यासाठी काडतूस किती जोरदार हवे आणि शिकाऱ्याचा हात किती बसलेला हवा, याचा विचार. हरणांची शिकार जिथे कायदेशीर आहे, त्या युरोप-अमेरिकेत तो प्रामुख्याने होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार गुन्हा आहे.

गोळीची ऊर्जा वजनापेक्षा वेगावर जास्त अवलंबून असते: वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. .३०८ विंचेस्टर काडतुसातली जेमतेम १० ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगाने सुटते, तेव्हा तिच्यात ३,६०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. पुढे हवा ती खात जाते. जर्मन कायदा म्हणून १०० मीटरवरची ऊर्जा धरतो: लहानखुऱ्या रो हरणासाठी किमान १,००० ज्यूल, त्याहून बऱ्याच मोठ्या रेड डिअर हरणासाठी २,०००. इंग्लंडमध्ये मोजमाप नळीच्या तोंडाशी, बहुतेक हरणांसाठी १,७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल. असे आकडे कागदावर तपासता येतात, हाच त्यांचा मोठा गुण.

हरीण मरते ते मात्र ऊर्जेने नव्हे, हृदय-फुफ्फुसे फाटून रक्त गेल्याने. अमेरिकेत धनुष्यानेही हरणे मारतात. त्या बाणात १०० ज्यूलच्या आसपासच ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत याहून थोडी जास्तच भरेल! पण बाणाचे पाते फुफ्फुस चिरत जाते. उलट मॅग्नम, म्हणजे जास्त जोरदार काडतुसाची गोळी पोटात बसली, तर हरीण तासन्तास जिवंत राहू शकते. शिवाय जोरदार काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्का मनात राहतो. चाप ओढताना शिकारी नकळत आधीच दचकतो आणि नेम ढळतो. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकारीआधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते, ती नेमाच्या याच बाजूची.

छातीत गोळी लागलेले हरीणही पन्नास-शंभर मीटर पळू शकते. जिथे ते उभे होते तिथले गवत शिकारी आधी बघतो. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुफ्फुस. हिरवट, दुर्गंधी पाणी असेल तर पोट. पोटाची खूण दिसली की लगेच मागे धावायचे नाही. हुसकावलेले हरीण लांब जाते. न हुसकावलेले बहुधा जवळच्या झुडपात बसते. काही तास थांबून, शक्यतो माग काढणारे कुत्रे घेऊन निघतात.