ऑर्डरचा माग: डिस्ट्रिब्युटेड ट्रेसिंगची पार्श्वभूमी

सोलापुरातील टॉवेल-कारखानदारांसाठी आम्ही चालवतो त्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या पावसाळ्यात एक ऑर्डर मध्येच अडकली. नोंदणी, साठा, बिल आणि वाहतूक या चारही सेवांचे, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रामचे, लॉग (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) शेजारी शेजारी उघडून पाहिले, तर प्रत्येकीच्या हिशेबाने सारे सुरळीत होते. शिवाय दोन सर्व्हरच्या घड्याळांत काही सेकंदांचा फरक असल्यामुळे कोणती नोंद आधीची, हेही ठरवता येईना. डिस्ट्रिब्युटेड ट्रेसिंगचा, म्हणजे अनेक सेवांमधून जाणाऱ्या एकाच कामाचा सलग माग ठेवण्याच्या पद्धतीचा, उगम नेमक्या याच अडचणीत आहे.

स्टॅनफर्ड आणि बर्कली येथील संशोधकांनी 2002 मध्ये मांडलेल्या पिनपॉइंट या प्रणालीमध्ये प्रत्येक विनंतीला (सेवांकडे आलेल्या कामाच्या मागणीला) स्वतंत्र क्रमांक देऊन ती कोणकोणत्या घटकांतून गेली, याची नोंद ठेवली जात असे. मायक्रोसॉफ्टच्या मॅगपाय या प्रणालीने उलट वाट धरली आणि असा क्रमांक पुढे न पाठवता घटनांच्या नोंदींवरूनच विनंतीचा प्रवास जुळवला. टिकली ती पहिली वाट, आणि ते स्वाभाविकच होते. रंगवलेल्या सुताच्या लॉटला बांधलेली चिठ्ठी वार्पिंगपर्यंत (ताणा गुंडाळण्याच्या टप्प्यापर्यंत) आणि तिथून यंत्रमागापर्यंत सोबत गेली, तरच तयार टॉवेलच्या छटेतला फरक कुठल्या लॉटचा हे खात्रीने सांगता येते. चिठ्ठी वाटेत गळाली की उरतो तो केवळ अंदाज.

या विचाराला व्यवहारात उतरवले ते गूगलच्या डॅपर या ट्रेसिंग-प्रणालीने. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शोधनिबंधातून ‘ट्रेस’ म्हणजे विनंतीचा संपूर्ण प्रवास आणि ‘स्पॅन’ म्हणजे त्यातला एकेक टप्पा, ही परिभाषा सर्वत्र रुळली. माझ्या मते डॅपरचे खरे मोठेपण वेगळ्याच निर्णयात आहे: क्रमांक पुढे नेण्याचे काम प्रत्येक प्रोग्रामरवर न सोपवता, सर्व सेवा ज्या मोजक्या सामायिक लायब्ररी (तयार कोडचे संच) वापरत होत्या त्यांच्यातच ते बसवण्यात आले. नोंदींचा भार सोसवावा म्हणून 1024 पैकी एकाच विनंतीचा माग ठेवण्याची पद्धतही तिथे वापरली गेली.

पुढे ट्विटरने 2012 मध्ये झिपकिन आणि उबरने 2017 मध्ये येगर ही ट्रेसिंगची साधने सर्वांसाठी खुली केली. मात्र दोघांचे हेडर, म्हणजे संदेशासोबत क्रमांक नेणारी माहिती, वेगवेगळे असल्याने एका साधनाचा क्रमांक दुसऱ्याला आपोआप ओळखता येत नसे. ट्रेसिंगची पद्धत एकसारखी करू पाहणारे ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प 2019 मध्ये ओपनटेलिमेट्रीत विलीन झाले, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ‘ट्रेसपेरेंट’ हेडरचे मानक मंजूर केले. त्यात आवृत्ती, 32 अंकी ट्रेस-क्रमांक, आधीच्या स्पॅनचा 16 अंकी क्रमांक आणि शेवटी दोन अंकी खुणा (उदा. या विनंतीचा माग ठेवला आहे का) असतात. हे सारे अंक षोडशमान पद्धतीचे (0 ते 9 आणि a ते f).

आमच्यासारख्या लहान चमूला आज ट्रेसिंग बसवता येते ते या मानकामुळे. तरीही आमचा ट्रेस साठ्याच्या सेवेपाशी तुटत होता, कारण तिथून बिलाकडे जाणारा संदेश संदेश क्रमाने पोचवणाऱ्या, आम्हीच लिहिलेल्या रांगेतून जाई आणि त्यात हेडर भरणारे कोणी नव्हते. ती एक ओळ कोडमध्ये घातल्यावर, बिलाच्या सेवेत डेटाबेसच्या कुलपासाठी (एका वेळी एकालाच नोंद बदलू देणाऱ्या अडसरासाठी) थांबलेला लांबलचक स्पॅन पहिल्यांदाच त्याच ऑर्डरखाली दिसला.