ऑफिसातल्या हार्ड डिस्कची तब्येत: कोणते आकडे पाहायचे

परभणी-नांदेडकडच्या पतसंस्थेत किंवा जिनिंगच्या ऑफिसात वीस-पंचवीस पीसी सहज असतात. मे महिन्यात पारा 42 अंशांवर, एसी असला तर फक्त साहेबांच्या केबिनमध्ये, आणि लाइटीचा भरवसा नाही. या सगळ्याचा डिस्कवर काय परिणाम होतोय, याची नोंद डिस्क स्वतःच ठेवत असते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात.

ही नोंद वाचायला एका पीसीपुरतं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर पुरतं. सगळं ऑफिस सांभाळायचं असेल तर मोफत मिळणारं स्मार्टमॉनटूल्स घ्या. त्यातला स्मार्टसीटीएल हा प्रोग्रॅम विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने रोज भरदुपारी चालवा, कारण रात्री पीसी बंद असतात. अहवाल सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये जाऊ द्या. टास्क विंडोजच्या ‘सिस्टिम’ खात्यावर लावला तर वर्कग्रुपच्या (मध्यवर्ती खाती नसलेल्या) नेटवर्कमध्ये तिथे लिहिण्याची परवानगी बहुधा मिळत नाही, आणि फोल्डर रिकामाच राहतो; त्यासाठी वेगळं युजर खातं ठेवा. फाइलला डिस्कचा सिरियल नंबर द्या, पीसीचं नाव नको. डिस्क या पीसीतून त्या पीसीत फिरत असतात.

अहवालात वर ‘पास’ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. कंपनीने ठरवलेली मर्यादा इतकी सैल असते की डिस्क जायला आली तरी ‘पास’ दिसू शकतं. अहवालात प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. खरे पाहायचे ते 5 (बदललेले सेक्टर), 187 (दुरुस्त न झालेल्या चुका), 197 आणि 198 (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले सेक्टर) या क्रमांकांचे मूळ आकडे (‘रॉ व्हॅल्यू’). सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहिती साठवण्याचा छोटा कप्पा. चारही शून्य हवेत.

यातला 197 नीट समजून घ्यावा असा आहे. वाचता न आलेले सेक्टर त्यात मोजले जातात. असा सेक्टर डिस्क लगेच बाद करत नाही, कारण आतली माहिती पुढे कधी वाचता येईलही. त्यावर नवं काही लिहायची वेळ आली की निकाल लागतो: लिखाण नीट बसलं तर सेक्टर पुन्हा वापरात, नाही बसलं तर राखीव सेक्टर त्याच्या जागी येतो आणि 5 चा आकडा वाढतो. म्हणजे 197 खाली आला की 5 वर गेला का, हे पाहिल्याशिवाय डिस्क बरी झाली म्हणता येत नाही. रोजची नोंद लागते ती यासाठीच.

199 (डिस्क आणि पीसी यांच्यात माहिती जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा, म्हणजे डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या केबलचा. केबल बदला, जुना आकडा पुसला जात नाही, तो तिथेच थांबला म्हणजे झालं. सीगेटच्या डिस्कवर 1 आणि 7 समोर कोट्यवधीचे आकडे दिसतात, त्यांना घाबरू नका.

तापमान 194 वर दिसतं. बहुतेक डिस्कची मर्यादा 60 अंश असते, पण 50 च्या वर गेलं की कॅबिनेट उघडून धूळ काढा. लाइट अचानक गेली की फिरत्या तबकडीतूनच वीज घेऊन वाचणारं-लिहिणारं हेड घाईने बाजूला जातं; ते 192 मध्ये मोजलं जातं. एकाच टेबलावरच्या पीसीचा हा आकडा बाकीच्यांपेक्षा भरभर वाढत असेल, तर बहुधा यूपीएसची बॅटरी गेलेली असते.

एसएसडीत (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) ‘पर्सेंटेज यूज्ड’, म्हणजे किती टक्के झिजली, ते पाहतात. 300 टीबी लिखाणाची हमी असलेल्या एसएसडीवर रोज 20 जीबी लिहिलं, तर हमी संपायला 41 वर्षं लागतील. ऑफिसातली एसएसडी झिजून क्वचितच जाते. कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) बिघडला की एका क्षणात जाते, तीही आकडे निर्दोष असताना.

फिरत्या डिस्कचीही पूर्ण खात्री नाही. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये त्यांच्याकडच्या एक लाखावर डिस्कचा अभ्यास मांडला. बंद पडलेल्यांपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कच्या चार महत्त्वाच्या नोंदींत काहीच आढळलं नव्हतं. त्यामुळे रोजचा बॅकअप हवाच.

197 वाढू लागला की बरेच जण आधी विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवतात. तसं करू नका. मोडकळीला आलेल्या डिस्कवर त्याने ताण येतो आणि लिखाणही होतं. आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत घ्या. ते चांगला भाग आधी उचलतं, अडलेले सेक्टर शेवटी. त्याची मॅप फाइल (कुठवर प्रत झाली याची नोंद) तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. मध्येच लाइट गेली तरी काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं.