ब्रेकचे इशारादर्शक दिवे (मोटारगाडी)

ब्रेक यंत्रणेतील ठरावीक बिघाड चालकाला कळावेत म्हणून मोटारगाडीच्या मीटरवर बसवलेले दिवे. नेहमीच्या हॅचबॅक वा सेडान गाडीत असे दोन दिवे असतात. वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस असलेला एक लाल, आणि ‘एबीएस’ (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) अक्षरांचा एक पिवळा. काही गाड्यांत ब्रेकचे पॅड (चाकाच्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारे तुकडे) झिजल्याचा आणखी एक दिवा असतो. त्याचे कंस तुटक रेषांचे असतात. दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले आणि लागला नाही म्हणजे ब्रेक ठणठणीत, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. दिव्याला फक्त त्याला जोडलेले दोन-चार स्विच आणि सेन्सर कळतात. म्हणून दिवा दिसताच आधी पेडल दाबून पाहावे. ते नेहमीच्या उंचीवर आणि नेहमीइतके घट्ट लागते का, यावर पुढचे सगळे ठरते.

जुन्या मोटारींत चारही चाकांचे ब्रेक एकाच सर्किटवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांच्या एकाच जाळ्यावर चालत. एक नळी फुटली की सगळे ब्रेक जात. पुढे यंत्रणा दोन स्वतंत्र सर्किटांत विभागली गेली. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ही विभागणी आणि सोबत इशाऱ्याचा दिवाही सक्तीचा झाला. एक सर्किट गेले तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, त्यामुळे बिघाड लक्षात येत नाही आणि दुसरे जाईपर्यंत गाडी तशीच पळत राहते; दिवा हवा होता तो यासाठी. तेव्हाचे दिवे दोन सर्किटांतील दाबाच्या फरकावर लागत.

आजच्या बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलच्या टाकीत चुंबक बसवलेला फ्लोट (ऑइलवर तरंगणारा तुकडा) असतो. पातळी किमान खुणेखाली गेली की स्विच जुळतो आणि लाल दिवा लागतो. हँडब्रेकच्या दांडीखालचा स्विचही याच दिव्याला जोडलेला असतो. एक किरकोळ आणि एक जिवावरची खबर एकाच दिव्यावर देण्याची ही रचना शहाणपणाची नाही. ‘हँडब्रेक राहिला असेल’ म्हणत लोक ऑइल संपत आले तरी गाडी चालवतात, ते त्यामुळेच.

निदान करताना हँडब्रेक पूर्ण खाली सोडून दांडी हाताने आणखी खाली दाबून पाहावी. दिवा विझला तर दोष दांडीखालच्या स्विचचा किंवा त्याच्या बैठकीचा. नाही विझला तर बॉनेट उघडून टाकीवरची पातळी पाहावी. पातळी ठीक असेल तर टाकीचा कनेक्टर काढावा. साध्या वायरिंगच्या बहुतेक गाड्यांत त्याने दिवा विझला तर फ्लोट वा त्याचा स्विच खराब, न विझल्यास हँडब्रेककडच्या वायरीत शॉर्ट.

पातळी खरोखरच उतरली असेल तर कारणे दोनच, झीज किंवा गळती. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्या मागे झालेली जागा टाकीतले ऑइल भरून काढते. ही उतरण महिनोन् महिने चालते. सुरुवातीला दिवा फक्त वळणावर, उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकतो, कारण टाकीतले ऑइल एका बाजूला जाते. नवे पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतात. ३ मिलिमीटर उरले की बदलावेत. अशा वेळी नुसते ऑइल टाकून दिवा घालवणे ही गॅरेजमधली सर्रास चालणारी पळवाट आहे. इशारा गप्प होतो, पॅड झिजतच राहतात, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की जादा ऑइल टाकीबाहेर येऊन रंग सोलते.

गळतीत पातळी काही दिवसांत, कधी काही तासांतच घसरते आणि पेडल नरम पडते. टायरची आतली बाजू, मागच्या ब्रेकच्या ड्रमची खालची कड आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग) जिथे बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) जोडला जातो ती जागा ओली आहे का, हे पाहावे. ओल सापडली तर गाडी चालवत नव्हे, टो करूनच गॅरेजला न्यावी. टाकीत झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे, डॉट ३ किंवा डॉट ४, ब्रेक ऑइलच घालावे. इंजिन ऑइल थोडे जरी गेले तरी रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा खोलावी लागते.

पिवळ्या दिव्याची गोष्ट वेगळी. बॉशची एबीएस यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. भारतात २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना ती बंधनकारक आहे. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर दातेरी किंवा चुंबकी रिंगवरून चाकाचा वेग मोजतो. एका चाकाची खबर तुटली की यंत्रणा स्वतःला बंद करते आणि दिवा लावते. साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यास चाके जाम होऊ शकतात. कारण बहुधा सेन्सरवरचा चिखल, गंज, तडकलेली रिंग किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर. चाक कोणते, हे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण) सांगतो. मात्र स्वस्त स्कॅनर इंजिनचेच कोड वाचतात, ब्रेकचे ‘सी’ने सुरू होणारे कोड त्यांना दिसत नाहीत.

लाल आणि पिवळा एकत्र लागले आणि ऑइल पुरेसे असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी ईबीडी यंत्रणाही बंद पडलेली असते. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. बॅटरीचा व्होल्टेज घसरल्यावरही ही जोडी दिसते, म्हणून चार्जिंग आधी तपासावे.

कित्येक गंभीर दोषांना दिवाच नसतो. मास्टर सिलिंडरचे सील आतून गेले तर ऑइल बाहेर पडत नाही, पातळी तशीच राहते. दाबून धरलेले पेडल मात्र हळूहळू खाली बसते. बूस्टर गेल्यास पेडल दगडासारखे होते. घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना पॅड तापून पकड सुटते, तेव्हाही बहुतेक गाड्यांचे मीटर शांतच असते.

चावी फिरवल्यावर दोन्ही दिवे काही सेकंद लागून विझायला हवेत. जुनी गाडी घेताना हे आवर्जून पाहावे. कधी बल्बच काढलेला असतो, तर कधी एबीएसच्या दिव्याची वायर इंजिनच्या ऑइल प्रेशरच्या दिव्याला जोडलेली असते. अशा गाडीत इंजिन सुरू होताच एबीएसचा आणि ऑइल प्रेशरचा दिवा एकाच क्षणी विझतात.