एमएएच जास्त म्हणजे बॅटरी जास्त टिकणार? क्षमता आणि बॅकअप यांतला फरक

मिडरेंज फोन निवडताना दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. एक म्हणजे बॅटरीची क्षमता, दुसरी म्हणजे बॅकअप, बॅटरी प्रत्यक्षात किती वेळ पुरते ते. क्षमता खोक्यावर ठळक छापलेली असते: ५०००, ५५००, ६००० एमएएच. बॅकअप बहुतेक खोक्यांवर नसतो, त्यामुळे क्षमतेचाच आकडा बॅकअप म्हणून वाचला जातो. ६००० एमएएचचा फोन ५००० एमएएचच्या फोनआधी बंद पडू शकतो, आणि यात बॅटरी खराब असण्याचा काही संबंध नसतो.

आधी आकड्याचा अर्थ पाहू. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. हे विद्युतभाराचं माप आहे, ऊर्जेचं नाही. ऊर्जा काढायची तर त्याला व्होल्टेजनं गुणावं लागतं. आजच्या फोनमधल्या लिथियम सेलचं सरासरी व्होल्टेज साधारण ३.८५ ते ३.९ असतं. म्हणजे ५००० एमएएचच्या बॅटरीत ५ गुणिले ३.८७, सुमारे १९.३५ वॉट-तास ऊर्जा असते. ६००० एमएएचमध्ये सुमारे २३.२ वॉट-तास. हा वॉट-तासाचा आकडा बॅटरीच्या लेबलवर बारीक अक्षरांत असतो आणि दोन फोनांची तुलना करायची तर तोच धरावा.

कारण एमएएचमध्ये आणखी दोन गोंधळ आहेत. पहिला, 'टिपिकल' आणि 'रेटेड' क्षमता. जाहिरातीत येते ती टिपिकल, म्हणजे त्या प्रकारच्या सेलची सरासरी. रेटेड म्हणजे कंपनी हमखास मिळेल असं सांगते ती किमान क्षमता, आणि ती सहसा दोन-तीन टक्क्यांनी कमी असते. एका फोनची टिपिकल आणि दुसऱ्याची रेटेड शेजारी ठेवली की नसलेला फरक दिसू लागतो. दुसरा गोंधळ जलद चार्जिंगच्या काही फोनांत होतो. त्यांत २५०० एमएएचचे दोन सेल एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेले असतात. तिथे भार २५०० एमएएचच राहतो आणि व्होल्टेज दुप्पट होतं, पण खोक्यावर '५०००' लिहितात. ते चूक नाही, कारण ऊर्जा तेवढीच असते. पण बॅटरी काढून तिचं लेबल वाचणारा बुचकळ्यात पडतो.

आता बॅकअप. तो काढायचं सूत्र सरळ आहे: वॉट-तासाला फोनच्या सरासरी वापरानं, म्हणजे वॉटनं भागायचं. समजा पहिल्या फोनची बॅटरी ५००० एमएएच आहे आणि तो स्क्रीन चालू असताना सरासरी १.६ वॉट खातो. १९.३५ भागिले १.६, म्हणजे १२ तास. दुसऱ्याची बॅटरी ६००० एमएएच, पण प्रोसेसर जुन्या पद्धतीचा आणि डिस्प्ले खादाड, सरासरी २.२ वॉट. २३.२ भागिले २.२, म्हणजे साडेदहा तास. क्षमता २० टक्क्यांनी जास्त आणि बॅकअप दीड तासानं कमी. सगळी मेख ज्यानं भागतो त्या वॉटच्या आकड्यात आहे, आणि खोक्यावर नेमका तोच नसतो.

खाणारा मुख्य भाग: डिस्प्ले

रोजच्या वापरात, म्हणजे वाचणं, चॅट, रील्स, ब्राउझिंग यांत, सगळ्यात जास्त वीज स्क्रीनलाच लागते. म्हणून मिडरेंज फोनची बॅटरी जोखायला आधी डिस्प्ले पाहावा लागतो.

मिडरेंजमध्ये डिस्प्ले मुख्यतः दोन प्रकारचे दिसतात, आयपीएस एलसीडी आणि ॲमोलेड. आयपीएस एलसीडीत मागे एक बॅकलाइट, म्हणजे दिवा, असतो आणि तो संपूर्ण स्क्रीनभर सतत पेटलेला असतो. समोर काळं पान असो वा पांढरं, ब्राइटनेस तोच असेल तर वीज जवळपास तेवढीच जाते. ॲमोलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो आणि काळा पिक्सेल बंदच असतो. त्यामुळे ॲमोलेडचा खर्च स्क्रीनवर काय आहे त्यावर ठरतो. गडद चित्रपट पाहताना तो एलसीडीपेक्षा बराच कमी खातो. पांढऱ्या पानांवर पूर्ण ब्राइटनेसनं तासभर वाचलं तर हा फायदा पुसला जातो, कधी उलटाही पडतो.

डार्क मोडबद्दल याच ठिकाणी अतिशयोक्ती होते. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओलेड (ॲमोलेड हा त्याचाच प्रकार) फोनांवर मोजमाप केलं होतं. ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर लाइट मोडवरून डार्क मोडवर गेल्यावर सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली. १०० टक्के ब्राइटनेसवर मात्र ३९ ते ४७ टक्के. घरात, कमी ब्राइटनेसवर डार्क मोड लावून बॅटरी तासातासानं वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. भर उन्हात फोन वापरणाऱ्याला त्याचा खरा उपयोग आहे.

ब्राइटनेसच्या आकड्यांकडेही नीट पाहायला हवं. ब्राइटनेस 'निट' या मापात सांगतात. '४५०० निट्स पीक' हा आकडा एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा फरक दाखवणाऱ्या) चित्रात स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरता मिळतो. उन्हात संपूर्ण स्क्रीनवर ऑटो ब्राइटनेसनं मिळतो तो 'हाय ब्राइटनेस मोड', आणि मिडरेंजमध्ये तो बहुधा १००० ते १६०० निट्सच्या घरात असतो. हातानं स्लायडर पूर्ण ओढला तरी मिळतात त्याहूनही कमी. उन्हातली वाचनीयता आणि उन्हातला बॅटरीचा खर्च या दोन्हींसाठी हाय ब्राइटनेस मोडचाच आकडा बघावा. पीकचा आकडा यांपैकी कशालाच उपयोगी नाही.

मग रिफ्रेश रेट. १२० हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला १२० वेळा नव्यानं रंगवली जाते. डिस्प्लेचा खर्च त्यानं वाढतोच, शिवाय प्रोसेसरलाही तेवढ्या फ्रेम तयार कराव्या लागतात. एलटीपीओ प्रकारचं पॅनल (स्क्रीनचा पडदा) स्थिर मजकुरावर १ हर्ट्झपर्यंत खाली येऊ शकतं. मिडरेंजमध्ये मात्र बहुतांश पॅनल एलटीपीएस या प्रकारची असतात, आणि ती ६०, ९०, १२० अशा पायऱ्यांनी चढतात-उतरतात. खोक्यावर दोन्हींची नोंद '१२० हर्ट्झ' अशीच असते. हे ओळखायची साधी खूण आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्स या एरवी लपलेल्या यादीत 'शो रिफ्रेश रेट' चालू करा, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसेल. पान सरकवणं थांबवून दोन-तीन सेकंद बोट उचलून ठेवा. आकडा ६० वर आला तर ठीक. १२० वरच अडून राहिला तर हा फोन नुसतं वाचतानाही वीज उधळतोय. काही ॲप्समध्ये तो उतरतो आणि काहींत उतरत नाही, म्हणून रोजच्या वापरातली चार-पाच ॲप्स उघडून पाहावीत. ऑलवेज-ऑन डिस्प्लेही एलटीपीएसवर जास्त महाग पडतो, साधारण तासाला एक टक्क्याच्या आसपास.

बाकी खर्चात प्रोसेसर आणि मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग, येतात. चिपच्या घडणीचा नॅनोमीटरचा आकडा लहान तितकी ती काटकसरी: ४ नॅनोमीटरवर बनलेली चिप तेच काम ६ किंवा १२ नॅनोमीटरच्या चिपपेक्षा कमी विजेत करते. नेटवर्क कमजोर असेल तर मोडेमला जास्त ताकदीनं सिग्नल पाठवावा लागतो. एकच फोन एकाला दीड दिवस पुरतो आणि दुसऱ्याला संध्याकाळी दगा देतो, यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

मोठी बॅटरी पातळ फोनमध्ये कशी बसते

बॅटरी हा फोनमधला सगळ्यात जड सुटा भाग. वजनाचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा तिचा. पूर्वी १००० एमएएच वाढवायचे तर फोन जाड आणि जड व्हायचा. आता सिलिकॉन-कार्बन बॅटरी आल्यामुळे ८ मिलिमीटरच्या आसपासच्या फोनमध्येही ६००० ते ७००० एमएएच दिसतात. नेहमीच्या सेलच्या ॲनोडमध्ये, म्हणजे चार्ज होताना लिथियम साठवणाऱ्या टोकात, ग्रॅफाइट असतं आणि ते ग्रॅममागे जास्तीत जास्त ३७२ एमएएच साठवतं. सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा याच्या नऊ-दहा पट आहे. पण लिथियम शोषताना सिलिकॉनचं आकारमान तीन-चार पट होतं आणि त्याला तडे जातात. म्हणून ते कार्बनच्या सांगाड्यात बसवून थोड्या प्रमाणातच मिसळतात.

डिझाइन ठरवतं ती आणखी एक गोष्ट म्हणजे उष्णता, आणि इथे पातळपणाचं कौतुक मला मुळीच पटत नाही. पातळ फोनमध्ये उष्णता पसरायला जागा कमी असते. उन्हात किंवा गेम खेळताना तापमान वाढलं की फोन आधी ब्राइटनेस कमी करतो, मग प्रोसेसर आवरतो. म्हणजे जाहिरातीतले निट्स मिळतात ते काही मिनिटंच. पाहायला घेतलेला फोन हातात धरून 'किती हलका' म्हणण्याआधी कॅमेरा चालू करून दहा मिनिटं ४के व्हिडिओ रेकॉर्ड करा आणि मागचा भाग कुठे तापतो, स्क्रीन मंद होते का, ते बघा.

घरी कसं मोजायचं

नवीन फोनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांवरून काहीच ठरवू नये. त्या काळात ॲप्स अपडेट होत असतात, फोटोंची वर्गवारी चालू असते, आणि बॅटरी भराभर उतरते.

त्यानंतर ऑटो ब्राइटनेस बंद करा. दोन फोन ताडून पाहायचे असतील तर दोन्हींवर पांढरं पान उघडून, शेजारी ठेवून, डोळ्यांना सारखं दिसेपर्यंत ब्राइटनेस जुळवा. स्लायडर दोन्हींवर अर्ध्यावर ठेवणं ही फसगत आहे, कारण एकाचं अर्धं दुसऱ्याच्या अर्ध्याच्या दुप्पट उजळ असू शकतं. रिफ्रेश रेटची सेटिंग सारखी ठेवा, वाय-फाय तेच, सिम दोन्हींत असेल तर दोन्हींत.

मोजणी १०० ते ० अशी करू नका. पुष्कळ फोन १०० वर बराच वेळ थांबून राहतात, आणि शेवटच्या काही टक्क्यांचा हिशोबही बेभरवशाचा असतो. ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंतचा वेळ घ्या. त्या ७० टक्क्यांत ५००० एमएएचच्या बॅटरीतून सुमारे १३.५ वॉट-तास गेलेले असतात. याला ७ तास लागले असतील तर सरासरी वापर १.९ वॉटच्या आसपास आला, आणि पूर्ण बॅटरीवर १० तास मिळतील. हा वॉटचा आकडा हाती आला की कोणत्याही क्षमतेच्या फोनशी तुलना करता येते.

व्हिडिओ, ब्राउझिंग आणि स्टँडबाय वेगवेगळं मोजा. व्हिडिओ सगळ्यात स्वस्त पडतो, कारण तो उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो आणि स्क्रीनचा रिफ्रेश रेट खाली येतो. कंपन्यांचे '२० तास व्हिडिओ' हे दावे म्हणूनच मोठे दिसतात. ब्राउझिंगसाठी ते लागू नाहीत. स्टँडबायसाठी रात्री झोपताना टक्केवारी लिहून ठेवा. आठ तासांत २ ते ४ टक्के गेले तर उत्तम. ८-१० टक्के गेले तर काहीतरी फोनला झोपू देत नाही. सेटिंग्जमधला बॅटरी वापराचा तक्ता उघडून आधी मोबाइल नेटवर्कचा वाटा पाहा, मग ॲप्सचा.

नुसत्या 'स्क्रीन-ऑन टाइम'वर भिस्त ठेवणारे इथेच चुकतात. सहा तास स्क्रीन-ऑन एकानं दहा तासांत संपवले आणि दुसऱ्यानं तीस तासांत, तर दुसऱ्याच्या बॅटरीचा मोठा भाग स्टँडबायनं खाल्लेला असतो. आकडा सारखाच, तरी फोन सारखे नाहीत.

जलद चार्जिंग हा बॅकअपचा भाग नाही, हेही सांगायला हवं, कारण '८० वॉट' हा आकडा एमएएचच्या शेजारीच छापलेला असतो. तो कमाल वेग आहे आणि सुरुवातीची काही मिनिटंच मिळतो. ८० टक्क्यांनंतर प्रवाह उतरत जातो. शिवाय तो बहुधा कंपनीच्याच चार्जर आणि केबलवर मिळतो. दुसरा चार्जर लावला तर हाच फोन १०-१८ वॉटवर येऊ शकतो. दिवसातून एकदाच चार्जिंग करू शकणाऱ्यासाठी वॉटपेक्षा बॅकअप महत्त्वाचा.

दोन वर्षांनंतरचा हिशोब

क्षमता झिजते, आणि तिच्यासोबत बॅकअपही. झीज चार्ज सायकलमध्ये मोजतात. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो की दोन. इथे मोठ्या बॅटरीचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही: रोज तेवढीच ऊर्जा वापरली तर तिच्या सायकल कमी होतात आणि ती उशिरा झिजते. उलट, खादाड फोन रोज दीड सायकल खर्च करत असेल तर ८०० सायकल दीड वर्षात संपतात.

युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून फोनवर जे लेबल सक्तीचं केलं आहे, त्यात हा भेद स्पष्ट मांडला आहे. एका चार्जमध्ये फोन किती तास-मिनिटं चालतो, हे ठरलेल्या चाचणीनुसार छापावं लागतं, आणि ८० टक्के क्षमता किती सायकलपर्यंत टिकते तेही. त्याच दिवसापासून किमान ८०० सायकलची अटही लागू झाली. ज्या मॉडेलची विक्री तिथेही होते त्याचं लेबल इंटरनेटवर सापडतं. मात्र तिथे विकल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये बॅटरी कधीकधी लहान असते, म्हणून लेबलवरचे तास वाचण्याआधी दोन्हीकडची क्षमता आणि मॉडेल क्रमांक एकच आहे ना, ते पडताळून घ्यावं.