मील्स ऑन व्हील्स

वयामुळे, आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना स्वतःचा स्वयंपाक करता येत नाही आणि घराबाहेरही पडता येत नाही, अशांच्या दारात तयार जेवण पोचवणारी सेवा. ‘चाकांवरचे जेवण’ असा नावाचा शब्दशः अर्थ. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा या देशांत ती रुजलेली आहे. जगभरची मिळून एक संस्था असे तिचे स्वरूप नाही. गावोगावची मंडळे, चर्च, नगरपालिका आपापली स्वयंपाकघरे चालवतात. नाव आणि रीत तेवढी समान. जेवण रांधायला पगारी माणसे असतात, पण ते दारोदार नेणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, आणि त्यांच्यातले पुष्कळजण स्वतःच निवृत्त, साठी-सत्तरीतले.

सेवेचा उगम दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये झाला. हवाई हल्ल्यांच्या काळात नागरिकांच्या मदतीसाठी लेडी रीडिंग यांनी १९३८ मध्ये ‘विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस’ ही स्त्रियांची संघटना उभी केली होती. बॉम्बफेकीत घर आणि चूल दोन्ही गमावलेल्या कुटुंबांना फिरत्या गाड्यांवरून चहा, सूप आणि खाणे देण्याचे काम या बायका करत होत्या. त्यातूनच त्यांच्या लक्षात आले, की गाडीपर्यंत चालत येऊ शकतो त्याला खायला मिळते. जो अंथरुणाला खिळला आहे त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. शिधावाटपाच्या त्या दिवसांत रांगेत उभे राहायलाही अंगात ताकद लागे. १९४३ मध्ये हेमेल हेम्पस्टेड या गावी घरपोच जेवण सुरू झाले. मोटारी आणि पेट्रोल यांचा तुटवडा असल्याने जुन्या बाबागाड्यांत पेंढा भरून त्यात जेवण गरम ठेवले जाई. पहिली चाके म्हणायची तर ती या बाबागाड्यांची. युद्ध संपले, शिधावाटपही १९५४ मध्ये उठले, पण घरपोच जेवणाची गरज संपली नाही. १९६२ च्या कायद्याने तेथील स्थानिक परिषदांना ही सेवा स्वतः चालवण्याचा अधिकार मिळाला.

ऑस्ट्रेलियातली कथा एका स्त्रीभोवती फिरते आणि ती थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. डोरिस टेलर (१९०१–१९६८) लहानपणीच्या अपघातापासून अपंग होत्या आणि चाकांच्या खुर्चीतून वावरत. काळजी घ्यायला घरी कोणी नाही एवढ्याच कारणाने धडधाकट बुद्धीची माणसे संस्थांत नेऊन ठेवली जातात, हे त्यांना पटत नव्हते. माणसाने आपल्याच घरात राहावे आणि त्यासाठी लागणारी मदत घरी यावी, हा त्यांचा आग्रह होता. १९५३ मध्ये त्यांनी साउथ ऑस्ट्रेलियात मील्स ऑन व्हील्सची संघटना स्थापन केली. ९ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्ट अ‍ॅडलेड इथल्या स्वयंपाकघरातून पहिले जेवण निघाले. त्या दिवशी जेवणारे वृद्ध आठ होते आणि स्वयंसेवक अकरा. हे प्रमाण आज कोणत्याही हिशेबनीसाला परवडणार नाही, पण आरंभ असाच झाला. पुढे साउथ ऑस्ट्रेलियाचे मुख्यमंत्री झालेले डॉन डन्स्टन यांना निवडणुकीला उभे राहायला टेलर यांनीच भरीला पाडले होते. त्याच सुमारास मेलबर्नमध्ये नॅन्सी डॉब्सन तीनचाकी सायकलवरून जेवण पोचवत होत्या.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९५४ मध्ये सेवा सुरू झाली. तिथे डबे वाटण्याचे काम शाळकरी मुलांनीही केले. १९६५ च्या ज्येष्ठ अमेरिकन नागरिक कायद्यात १९७२ साली पोषणाची तरतूद झाली आणि सरकारी पैसा येऊ लागला. या निधीतून चालणाऱ्या सेवेची पात्रता साठ वर्षांपासून सुरू होते. प्रत्येक जेवणातून दिवसाच्या पोषणाचा किमान एक तृतीयांश भाग मिळावा, असा नियम आहे. जेवणाचे पैसे मागता येत नाहीत. ज्याला द्यायचे आहेत त्याने स्वखुशीने द्यावेत. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये मात्र बहुधा थोडे शुल्क घेतले जाते. दोन्ही रीतींमागे जेवणाऱ्याचा मान राखण्याचाच विचार आहे: एकीकडे ऐपत नसलेल्याला संकोच वाटू नये म्हणून, दुसरीकडे आपण फुकट खातो असे कोणाला वाटू नये म्हणून.

कामाची पद्धत सगळीकडे साधारण सारखी आहे. दवाखाना, समाजसेवक किंवा नातेवाईक नाव कळवतात. कोणीतरी घरी जाऊन पाहते: चूल पेटवता येते का, दात कसे आहेत, मधुमेह आहे का, मीठ चालते का. मग त्या घराचे नाव एखाद्या फेरीत घातले जाते. सकाळी स्वयंपाक, अकराच्या सुमारास डबे उष्णता धरून ठेवणाऱ्या पेट्यांत, आणि दुपारी एकच्या आत शेवटचे दार. शनिवार-रविवारसाठी थंड डबा आधीच दिला जातो. बर्फ पडणाऱ्या भागांत रस्ते बंद होण्याच्या दिवसांसाठी टिकाऊ खाण्याचे खोके हिवाळ्याआधीच घरात पोचलेले असते. काही ठिकाणी मांजर-कुत्र्यांचेही खाणे नेतात, कारण म्हातारी माणसे आपल्या ताटातले त्यांना घालतात आणि स्वतः अर्धपोटी राहतात असे दिसून आले.

या सेवेचे मर्म मात्र डब्याइतकेच दाराच्या कडीत आहे. दार वाजवून उत्तर आले नाही, तर स्वयंसेवकाने डबा उंबऱ्यावर ठेवून निघून जायचे नसते. तो कार्यालयाला कळवतो, कार्यालय नातेवाइकाला, आणि तिथेही पत्ता लागला नाही तर पोलिसांना. न्हाणीघरात पडून राहिलेली माणसे अशा चौकशीतून वेळेवर सापडतात. दिवसभरात दुसरे कोणी येत नसेल, तर ‘काल गुडघा कसा होता’ एवढे विचारणारा तो एकच माणूस असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ ठिकाणच्या प्रतीक्षायादीतील ज्येष्ठांचे तीन गट केले. एकाला रोज गरम जेवण, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा गोठवलेले डबे, तिसरा यादीतच. एकटेपणा कमी झाल्याचे रोजच्या डब्याच्या गटात अधिक ठळकपणे दिसले. गोठवलेले डबे स्वस्त पडतात, फेऱ्या वाचतात, म्हणून अनेक ठिकाणी तिकडे ओढ आहे. ब्रिटनमध्ये तर २०१० नंतर पैशाच्या ओढाताणीत कित्येक परिषदांनी सेवाच बंद केली. आठवड्यातून एकदा येणाऱ्या गाडीला मंगळवारी पडलेला माणूस सोमवारीच सापडणार, हा हिशेब जमाखर्चात दिसत नाही.

महाराष्ट्रात डबा हा शब्दच एका व्यवस्थेचे नाव आहे. मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून घरचे जेवण कामावरच्या माणसाकडे नेत आले. मील्स ऑन व्हील्सची दिशा उलटी: घरात रांधणारे कोणी उरले नाही, म्हणून जेवण बाहेरून घराकडे येते. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती, आणि पुढच्या एका देशव्यापी पाहणीत त्यांतली शेकडा सहाच्या आसपास एकटी राहत असल्याचे आढळले. मुले परगावी किंवा परदेशी, गुडघे गेलेले, जिना उतरवत नाही. मग रात्रीला चहात बुडवलेली खारी किंवा सकाळचाच मुगाच्या खिचडीचा घास. त्याला कोणी उपासमार म्हणत नाही, पण अशक्तपणा, पडणे आणि हाड मोडणे या गोष्टी तिथूनच सुरू होतात. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली शिवभोजन थाळी दहा रुपयांत मिळू लागली, पण ती घ्यायला केंद्रावर जावे लागते. महायुद्धातल्या गाड्यांचीही अडचण नेमकी हीच होती.

भाईंदर, बोरिवली अशा उपनगरांत काही कुटुंबांनी आपल्या खर्चाने, देणग्या जमवून, परिसरातील निराधार वृद्धांना रोजचा मोफत डबा सुरू केला. पोळी, भाजी, वरण, भात असा साधा घरगुती बेत आणि तो दारापर्यंत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलांवर पोटगीची जबाबदारी टाकतो आणि दर जिल्ह्यात किमान दीडशे गरजूंसाठी वृद्धाश्रम काढता येतील असे म्हणतो. जी म्हातारी आपली खोली सोडायला तयार नाही, तिच्या दुपारच्या जेवणाची तरतूद त्यात नाही. ती अजून शेजारच्या स्वयंपाकघरातूनच होते.