करारबद्ध मजूर आणि गुलाम : व्हर्जिनियाच्या एकाच शेतातले दोघे

तंबाखूचं रोप लावायला जमीन ओली लागते. त्यामुळे सतराव्या शतकात, उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत, मे महिन्यात पावसाची चांगली सर येऊन गेली, की मळ्यावरचे सगळे वाफ्यांतली रोपं काढून शेताकडे पळायचे. कुदळीने मातीचे गुडघाभर उंचवटे आधीच करून ठेवलेले. एकेकावर एकेक रोप. पुढे शेंडे खुडा, बगलफुटवे काढा, पानांवरच्या जाड हिरव्या अळ्या हाताने वेचून चिरडा, आणि उन्हाळा सरताना झाडं कापून कोठारात वाळायला टांगा. निपाणीकडच्या वाचकांना यातलं निम्मं सांगायलाही नको. त्या शेतात शेजारी शेजारी वाकलेल्या दोघांपैकी एक ब्रिस्टलहून आलेला इंग्रज पोरगा असे, दुसरा अंगोलातून धरून आणलेला माणूस. काम तेच, मक्याची पेज तीच, मालकाचा चाबूकही तोच. म्हणूनच ‘तेव्हा गोरेही गुलाम होतेच की’ हे वाक्य इतकं सहज पसरतं. ते चूक आहे. ती चूक कळायला दोघांचे दिवस मोजावे लागतात.

इंग्रज पोरगा होता करारबद्ध मजूर. जहाजाचं भाडं द्यायला पैसे नाहीत, म्हणून त्याने कागदावर सही किंवा अंगठा केलेला : साधारण ४ ते ७ वर्षं राबेन, बदल्यात प्रवास, अन्न, कपडा. एकाच कागदावर करार दोनदा लिहून मधोमध नागमोडी कापायचा. दोन्ही तुकड्यांचे दाते जुळले की कागद खरा. ‘इंडेंचर’ हे नाव त्या दातांवरून पडलं. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांना ‘गिरमिट’ म्हणून असाच कागद पुढे एकोणिसाव्या शतकात ओळखीचा झाला. व्हर्जिनियात कप्तान हा कागद मळेवाल्याला विकायचा, आणि ज्याने भाडं भरलं त्याला १६१८ पासूनच्या नियमाने माणशी ५० एकर जमीन मिळायची. माणूस आणला की जमीन, अशी ती सोय.

हाल कमी नव्हते. रिचर्ड फ्रेथॉर्न नावाच्या मजुराने १६२३ मध्ये आईवडिलांना लिहिलं की जहाजातून उतरल्यापासून वाटाणे आणि पाणीदार पेज यांपलीकडे काही खाल्लेलं नाही, मला सोडवा. कित्येक जण मुदत संपण्याआधीच तापाने मेले. पळाला तर गैरहजेरीच्या दुप्पट दिवस भरायचे. मजूरबाई गरोदर राहिली तर तिचीही मुदत वाढायची. पण हे सगळं मुदतीतच वाढत होतं. त्याला कोर्टात तक्रार करता यायची, आणि जगला-वाचला तर एक दिवस सुटका ठरलेली. १७०५ च्या कायद्याने सुटणाऱ्या पुरुषाला १० बुशेल (धान्याचं इंग्रजी माप) मका, ३० शिलिंग आणि एक बंदूक द्यायची असं लिहूनच ठेवलं.

दुसऱ्या माणसाकडे कागदच नव्हता. १६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला ‘व्हाइट लायन’ जहाजातून वीसएक आफ्रिकी लोक उतरवले गेले, तेव्हा तिथे गुलामीचा कायदाही नव्हता. त्यामुळे सुरुवातीची चाळीसएक वर्षं मजूर आणि गुलाम यांच्यातली रेघ धूसर आहे, आणि गोंधळ खरा तिथूनच येतो. १६२१ मध्ये ‘अँटोनिओ, एक नीग्रो’ अशी नोंद झालेला माणूस पुढे सुटला, अँथनी जॉन्सन झाला, आणि १६५१ मध्ये २५० एकरांचा मालक. इतकंच नाही, १६५५ मध्ये जॉन केसर हा आफ्रिकी माणूस जन्मभर आपलाच आहे, असा निकाल याच जॉन्सनने कोर्टातून मिळवला. सोप्या गोष्टीत बसवायला अवघड माणूस.

रेघ ठळक कशी झाली ते मात्र निकालांमधून स्वच्छ दिसतं. १६४० मध्ये तीन मजूर मिळून पळाले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉट : दोघांची मुदत ४ वर्षांनी वाढली. तिसरा जॉन पंच, काळा. त्याला जन्मभर चाकरी. गुन्हा एकच होता. १६६१ चा कायदा तर हिशेबच मांडतो : आफ्रिकी माणसाबरोबर इंग्रज मजूर पळाला, तर त्याने आफ्रिक्याच्या गैरहजेरीचे दिवसही भरावेत, कारण ज्याच्याकडे मुदतच नाही त्याची मुदत वाढवणार कशी? १६६९ मध्ये याच तर्काचं टोक गाठलं गेलं. मुदत वाढवून गुलामाला वठणीवर आणता येत नाही, तेव्हा मारहाणीत तो मेला तरी मालकावर खुनाचा गुन्हा नाही. स्वतःची मालमत्ता मुद्दाम कोण नासवेल, असं कायदाच विचारतो. मला या सगळ्या कागदांतलं हे सर्वांत थंड वाक्य वाटतं.

त्याआधी, १६६२ मध्ये, मूल आईच्या स्थितीवर जाईल असं ठरलं होतं. इंग्रजी रिवाज बापाकडून चालणारा. इथे तो उलटा फिरवला, म्हणजे मळेवाल्याचं गुलाम बाईपासून झालेलं मूलही त्याची मालमत्ता. करारबद्ध बाईचं मूल तिचा करार वारशाने घेत नसे. १६६७ मध्ये बाप्तिस्मा घेऊन, म्हणजे ख्रिस्ती होऊन, सुटका होण्याची वाटही बंद झाली. पुढे इंग्लंडातून येणारे मजूर आटले, आफ्रिकेतून आणलेल्यांची संख्या वाढली, आणि १७०५ मध्ये सगळे नियम एका संहितेत बांधले गेले.

अँथनी जॉन्सन या संहितेच्या कितीतरी आधीच शेजारच्या मेरिलँड वसाहतीत गेला होता. तो वारल्यावर १६७० मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने ठरवलं, की तो नीग्रो होता आणि म्हणून परका. त्याची तिथली जमीन राजाकडे जावी.